ळ वरून राहिलेलं भांडण

झरीना,

तुला मातीत ठेवायला माणसं गेली, तेव्हा मी तुझ्या घरी मधल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते. कुणी तसबीचे मणी ओढत होतं, कुणी नुसतंच भिंतीला टेकून बसलं होतं. तुमच्या गल्लीतली एक म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "गाय होती बिचारी. कधी कोनाशी भांडन नाई का तंटा नाई." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. पण खरं सांगते, मला त्या वेळी हसू फुटायला आलं होतं आणि ते दाबता दाबता मी रडायला लागले. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला कसं सांगणार, की ही गाय परवा-परवापर्यंत माझ्याशी शिंगं रोखून भांडत होती? आणि तेही कशावरून, तर एका अक्षरावरून!

आपलं सगळं अक्षरांवरूनच सुरू झालं, नाही का?

सोनाळ्याच्या शाळेत तुझं नाव घालायला तुझे अब्बा आले होते. तुमच्या घरी तुला ज़रीना म्हणायचे, जीभ दातांच्या अगदी जवळ नेऊन. गुरुजींनी ऐकलं आणि हजेरीत झ लिहिला. झाडातला झ, झोपडीतला झ. वर्गात झ ची तू एकटीच. आणि मी ललिता ढगे. त्या काळी मास्तर आडनावानं हाक मारायचे आणि पोरांना ढगे मधला फक्त ढ ऐकू यायचा. अभ्यासात मी बरी होते, तरी मी ढ ती ढ. मधल्या सुट्टीत "ढ आली, ढ आली" असं गाणंच चालायचं. माझ्याजवळ कुणी बसेना, तेव्हा तू आपली पिशवी उचलून माझ्या बाकावर आलीस. मला वाटलं, कीव आली म्हणून आलीस. तू म्हणालीस, "तुह्याजवळ खिडकी हाये म्हनून आली." खरं कारण कोणतं ते मी कधी विचारलं नाही. आता राहूनच गेलं.

तुझे मामू जळगाव जामोदला रद्दी घ्यायचे. त्यांच्याकडून तू कॉमिकं आणायचीस. एकालाही धड कव्हर नसायचं, बहुतेकांची शेवटची पानं गेलेली. हिरो कड्यावरून खाली पडतोय आणि पुढचं पान गायब. शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून आपण ती वाचायचो आणि शेवट आपल्या मनानं लावायचो. तुझ्या शेवटात हिरो हटकून मरायचा. मी रडवेली व्हायचे, मग तू त्याला मोठा उपकार केल्यासारखा जिवंत करायचीस.

एक दिवस तू सगळी कॉमिकं मांडीवर घेऊन बसलीस आणि म्हणालीस, "लले, या समद्यायची नावं स नं, ब नं, नाहीतर म नं काऊन सुरू होतात वं? झ नं कोनीच नाई. ढ नं तं नाईच नाई."

"मले काय माहीत?"

"मंग आपनच करू."

अशी झपकी जन्माला आली. ती ज्याच्याकडे बघून एकदा डोळे मिचकावील तो जागच्या जागी घोरायला लागायचा. तिची पहिली शिकार म्हणजे आपले गणिताचे गुरुजी. फळ्यावर अर्धवट उदाहरण, हातात खडू आणि गुरुजी उभ्या उभ्या झोपलेले, असं चित्र तू काढलं होतंस. माझी ढालूबाई. तिची पाठ म्हणजेच ढाल. गारपीट आली की ती शेतात ओणवी होणार, पाठ एवढी रुंद होणार की सगळा कांदा तिच्याखाली सुखरूप. तू तिला चांगली जाडजूड काढलीस. मी रुसले.

"मी एवढी जाडी हाव का?"

"ढाल बारीक असते का कुठी?"

तेच आपलं पहिलं भांडण. तुझं उत्तर इतकं बरोबर होतं की मला अजून राग येतो.

मग जे सगळ्यांचं होतं ते आपलंही झालं. तुझं लग्न लवकर झालं, तू संग्रामपूरला गेलीस. मी डी.एड. केलं, नोकरी लागली, लग्न झालं, माझा ढ गेला आणि नवऱ्याचं साधंसुधं आडनाव आलं. घाटाखाली, घाटावर बदल्या होत राहिल्या. मधली कितीतरी वर्षं तुझी काही खबर नव्हती. मग माझी बदली संग्रामपूरजवळच्या शाळेवर झाली आणि एका बाजाराच्या दिवशी साडीला फॉल-पिको करायला मी एका शिलाईच्या दुकानात शिरले. मशीनवर बसलेल्या बाईनं मान वर केली, चष्म्यातून माझ्याकडे बघितलं आणि भर दुकानात ओरडली, "ढ!"

रफीकभाई कापड बेतत होते. त्यांचा हात थांबला. गिऱ्हाईक बाईला आपली बायको असं काही बोलेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. ते घाईघाईनं म्हणाले, "माफ करना बाजी, ये ऐसी नहीं है." मी म्हटलं, "अशीच आहे ती." आणि आपण दोघी त्या कापडाच्या ढिगात गळ्यात गळा घालून उभ्या राहिलो.

माझ्या वर्गाचं दुखणं मी तुला सांगितलं ते असंच चहा पिताना. पोरं क, म, स झपाट्यानं वाचायची. ठ, ढ, झ, ऐ आले की अडायची. ही अक्षरं पुस्तकात कमी भेटतात, म्हणून ओळखीची होत नाहीत. मी तुला म्हटलं, तुझा हात चांगला आहे, मला चार तक्ते रंगवून दे. तू कप खाली ठेवलास.

"तक्ते कोन पाह्यते? कॉमिक करू."

दुकानातला बेतायचा खाकी कागद, शिंप्याचा खडू, वरून काळं पेन. चित्रं तू काढायचीस, मजकूर मी लिहायचे, आणि झेरॉक्स काढून शनिवारच्या सकाळच्या शाळेत आपण ते वाटायचो. झपकी आणि ढालूबाई परत आल्या. त्यांच्या जोडीला ठसका आली. मूठभर सुक्या मिरच्या हवेत उधळून अख्ख्या टोळीला खोकायला लावणारी. ऐनवेळे आला, जो सगळं संपत आलं की मगच पोचायचा आणि "उशीर तं नाई झाला ना?" असं विचारायचा. आणि या सगळ्यांचा वैरी तो खारपाण्या, विहिरीत थुंकून गोडं पाणी खारं करणारा. त्याची ओळख पोरांना करून द्यावी लागलीच नाही. त्यांच्या घरी प्यायचं पाणी कॅननंच येतं. पहिल्या शनिवारी खारपाण्या पानावर दिसल्याबरोबर मागच्या रांगेतली पायल म्हणाली, "बाई, हा आमच्या विहिरीवर येऊन गेला."

वाचून दाखवायला मात्र तूच लागायचीस. मी वाचलं की तो धडा व्हायचा. तू वाचायचीस तेव्हा ठसका खरंच खोकायची, खारपाण्याचा आवाज घशाच्या तळातून यायचा आणि पोरं एकमेकांना बिलगायची. दुकान टाकून, बुरख्याची बाही सावरत तू शनिवारी सकाळच्या एसटीनं यायचीस. रफीकभाई पहिल्यांदा कुरकुरले. मग पोरांचे शाळेचे शर्ट शिवायला टाकणाऱ्या आया दुकानात येऊन "झपकीवाली बाई अठीच बसते का?" असं विचारायला लागल्या, तेव्हा त्यांनीच तुला शनिवारची सुट्टी देऊन टाकली.

आणि मग आला ळ.

"लले, आता ळ चा नंबर," एक दिवस तू म्हणालीस.

मी म्हटलं, "ळ नं मराठीत कोणताच शब्द सुरू होत नाही. ण नंही नाही. ती सोडून दे."

"ण राहू दे. तो पाय पसरून बसलेला दिसते, त्याले उठायचंच नाई. पन ळ पाह्य. चष्मा लावलेली बाई दिसते. तुह्यासारखी."

तू तिचं चित्रही काढून आणलं होतंस. गोल चष्मा, खांद्याला पिशवी, एका हातात छत्री आणि धावत्या एसटीच्या पुढे जाऊन उभी राहिलेली. ती हात वर करते आणि एसटी थांबते. एवढीच तिची शक्ती. आणि नाव? ळळिता.

मी हसले. मग माझ्या लक्षात आलं की तू हसत नाहीयेस.

"असं नाव असतं का?"

"झपकी असते का? ढालूबाई असते का?"

"ते शब्द तरी आहेत. ळ पुढे येतच नाही. पोरं चुकीचं शिकतील."

"तुही पोरं ळ म्हनतात तरी का?"

इथं तू माझ्या वर्मावर बोट ठेवलंस. आपल्याकडे पाटीवर सोनाळा आणि तोंडात सोनाया. शाळा म्हणजे शाया, डोळे म्हणजे डोये, केळी म्हणजे केयी. मी घरी तशीच बोलते, आईशी तर तशीच बोलायचे. पण वर्गात फळ्यापुढे उभी राहिले की मला तो ळ पाहिजे असतो. पोरांनी उद्या कुठं शहरात जाऊन तोंड उघडलं तर कुणी हसू नये म्हणून मी त्याच्यामागे लागते. आणि तू त्याच ळ ला डोक्यावर टोपी घालून नाचवायला निघाली होतीस.

मी तुला सांगितलं, "ळ ची जागा मागेच आहे आणि त्यात त्याचा काही कमीपणा नाही. बाळ म्हण, सकाळ म्हण, आभाळ म्हण. शेवटी तो आहे म्हणून शब्द पुरा होतो. पुढं उभं राहिलं तरच मोठं, असं कुठं आहे?"

तू म्हणालीस, "जे कधीच पुढं आलं नाई, त्याले एकडाव पुढं उभं करून तं पाह्य. पडलं तं पडलं."

तो शनिवार गेला. नंतरचे कितीतरी शनिवार गेले. दर वेळी तू ळळितेचं चित्र पिशवीतून काढायचीस आणि दर वेळी मी ऐनवेळेचा नवा भाग पुढे करायचे.

तुझ्या जिभेच्या कडेला एक फोड आला होता. आत वाकलेली दाढ तिथं घासायची. तू कधी सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नव्हतंस, त्यामुळे कुणाच्या मनात शंका आली नाही. उन्हाळ्यानं झालं असेल म्हणून तू गुलकंद खाल्लास, कुणी दिलेलं मलम लावलंस. फोड जाईना. अकोल्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मग नागपूर. जिभेचा एका बाजूचा भाग काढावा लागला.

मी नागपूरला भेटायला आले तेव्हा तुझ्या नाकात नळी होती. तू डोळ्यांनीच मला बसायला सांगितलंस. मला काही सुचेना म्हणून मी वर्गातल्या गमती सांगत बसले. निघताना तू माझा हात धरलास आणि जरा वेळ सोडला नाहीस. आपण इतकी वर्षं भांडलो, पण असा हात तू त्याआधी कधी धरला नव्हतास.

जखम भरल्यावर तू बोलायला लागलीस आणि तेव्हा कळलं काय काय गेलं ते. ट, ठ, ड, ढ, ण, ळ. जीभ उलटी वळवून टाळूला लावायची ती सगळी. ठसकाची थसका झाली, ढालूबाईची धालूबाई. झ उरला, थोडा सैल. तू मला हाक मारायचीस ती "ढ" ही हाक गेली. तू एकदा प्रयत्न केलास, "ध" म्हणालीस आणि तोंड फिरवून मशीन चालवायला लागलीस. मशीनमध्ये कापड नव्हतं.

शनिवारी येणं तू बंद केलंस. मी बोलावलं की म्हणायचीस, दुकानात काम आहे. पोरं विचारायची. मी वाचून दाखवायचा प्रयत्न केला. पायल म्हणाली, "बाई, तुमी खोकता तं खोटं वाटते." तिचं बरोबर होतं.

मग थंडीतल्या एका शनिवारी परिपाठ संपत असताना फाटकात तू दिसलीस. गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली, हातात झेरॉक्सचा गठ्ठा. मजकूरही या वेळी तुझाच. मला न विचारता.

तू वाचायला सुरुवात केलीस. "थसका विहिरीवर आली..." मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. मी उठले, आवाज चढवणार तेवढ्यात तू हातानं मला खाली बसवलंस. तू गठ्ठा टेबलावर ठेवलास आणि अगदी सावकाश, एकेक शब्द जुळवत बोललीस. तुझा प्रत्येक शब्द मला आठवतो. तुझ्या तोंडून तेव्हा तो कसा आला ते मात्र मी लिहीत नाही, इथंही नाही आणि पुढंही नाही. तू म्हणालीस, "माह्या तोंडात एक राक्षस येऊन बसला होता. डॉक्टरनं त्याले कापला. पन जाता जाता तो माही अक्षरं घेऊन गेला. मी अडली की जे अक्षर तो घेऊन गेला, ते तुमी जोरानं म्हना. म्हनसान?"

पायल म्हणाली, "हाव."

तू पुन्हा सुरू केलंस. बोट अक्षरावर ठेवून थांबलीस. "ठ!" अख्खा वर्ग ओरडला. तू "सका" म्हणालीस. पुढे गेलीस, थांबलीस. "ढ!" तू "आलूबाई" जोडलंस आणि स्वतःच हसलीस, कारण तिची बटाट्याची बाई झाली होती. पोरंही हसली, पण आता ते हसणं वेगळं होतं. मग "आभा" म्हणून तू थांबलीस. या पोरांच्या तोंडून ळ काढायला माझा घसा बसायचा. आणि माझ्या देखत ती सगळी, शाया म्हणणारी, केयी म्हणणारी, जिभा वळवून, माना ताणून ओरडली, "ळ!"

शेजारच्या वर्गावरचे गुरुजी काय झालं म्हणून बघायला आले. मी दारात जाऊन उभी राहिले. माझा चेहरा वर्गाला दिसू नये म्हणून.

सुट्टी झाल्यावर आपण एसटीची वाट बघत थांब्यावर बसलो. मला तुला खूप काही सांगायचं होतं. तू ओढणी सैल केलीस आणि म्हणालीस, "पोरायले ळ आला. आता तरी माहं ऐक. ळळिता छाप."

मला एवढा राग आला! इतकं सगळं घडलं आणि तू ते तुझ्या वकिलीला वापरत होतीस. मी म्हटलं, "नाही." एसटी आली. तू चढलीस. खिडकीतून तू दोन बोटांचे गोल करून डोळ्यांना लावलेस. ळ. मी तोंड फिरवलं.

तेव्हा जे सांगायचं राहिलं ते आता लिहिते. त्या सकाळी माझा वर्ग पहिल्यांदा मला वर्ग वाटला. त्याआधी मी वर्गाला शिकवत होते, एवढंच. माझ्या मनात होतं की शिक्षकाला सगळं आलं पाहिजे, निदान तसं दिसलं तरी पाहिजे. तू पोरांपुढे उभी राहून मला हे येत नाही म्हणालीस, आणि पोरं धावून आली. नंतर मी अडले की मीही थांबायला शिकले. हे तुझ्यामुळे. पण तुझ्यासमोर मी हे बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "मंग छाप ना ळळिता." म्हणून बोलले नाही.

पुढचं उन्हाळ्यात कळलं. मानेत गाठ आली होती. या वेळी नागपूरच्या डॉक्टरांनी रफीकभाईंना बाजूला घेऊन सांगितलं. तू बाजूला नव्हतीसच, तू त्यांच्या मागेच उभी होतीस, असं रफीकभाई नंतर म्हणाले.

शेवटी शेवटी तुझं बोलणं पार गेलं. तुझी पोरं नोकरीवरून सुट्टी काढून आली होती, रफीकभाईंच्या अम्मी पायाशी बसून असायच्या. येणारा-जाणारा प्रत्येक जण तुझ्याशी मऊ आवाजात बोलायचा. जणू तू आधीच थोडी गेली आहेस. तू पाटीवर लिहून सांगायचीस: पाणी, उशी, पंखा.

त्या दिवशी मी आले तेव्हा तू पाटी ओढून घेतलीस आणि डाव्या टोकाला भला मोठा ळ काढलास. मग माझ्याकडे बघितलंस. मला कळलं. मी म्हणू शकले असते, बरं बाई, तुझंच खरं. तेवढं म्हणायला काय लागतं? आजाऱ्याचं मन राखतात लोक. पण तुझ्या डोळ्यांत मी बघितलं आणि मला दिसलं की तसं म्हटलेलं तुला चालणार नाही. मी ळ पुसला आणि पाटीच्या उजव्या टोकाला काढला. त्याच्या आधी लिहिलं, आभा.

तू पाटी हिसकावलीस. आभा पुसून टाकलंस आणि ळ च्या जागी थोबाड पुढं करून उभी असलेली चष्मेवाली बाई काढलीस. रेघा वाकड्या होत्या, पण बाई मीच होते. मी म्हटलं, "माझं नाव कशाला वेठीला धरतेस? मला नाही पुढं उभं राहायचं." ते वाक्य तोंडातून गेल्यावर मलाच ते ऐकू आलं. म्हणजे तू इतकी वर्षं अक्षराबद्दल बोलतच नव्हतीस की काय? तूही चमकलीस. मग चिडलीस. इतकी चिडलीस की उशीवरून उठून बसलीस आणि खडू माझ्या अंगावर फेकलास. तो चष्म्याला लागून खाली पडला. अम्मी "अरे अरे" करत उठल्या. तू भिंतीकडे तोंड करून आडवी झालीस.

"बस मंग तशीच," मी म्हटलं आणि पिशवी उचलून निघाले. दारातून वळून बघितलं तर तुझी पाठ.

दुसऱ्या दिवशी रफीकभाईंचा फोन आला. मी घाबरले. ते म्हणाले, "बाजी, काल तुमी गेल्यावर गुस्से में पूरी वाटी दाल का पानी पी गई. भौत दिवसांनी पी."

त्यानंतर तू मला भेटली नाहीस. म्हणजे आपला निरोप झालाच नाही. झालं ते भांडण. लोक मला विचारतात, शेवटचं काय बोलणं झालं? मी सांगते, काही विशेष नाही. पण झरीना, सगळ्यांनी तुला हळूच, जपून निरोप दिला आणि मी मात्र तुला उठून बसायला लावलं, याचा मला, खरं सांगू का, थोडा गर्वच आहे. तुला झ नं हाक मारणारं आता माझ्याशिवाय कोण उरलं? घरी तू ज़रीना होतीस, दुकानात भाभी होतीस. झ नं सुरू होणारी ती बाकावरची मुलगी फक्त माझ्याजवळ होती, आणि ती भांडकुदळ होती.

परवा तुझा चाळीसावा दिवस झाला. मी गेले होते. जेवणं उरकली, पाहुणे पांगले, मी चपला घालत होते तेवढ्यात रफीकभाई ओसरीवर आले. हा माणूस आपल्या कॉमिकांबद्दल कधी एक शब्द बोलला नव्हता. ते खांबाला टेकले आणि म्हणाले, "बाजी, एक विचारू का? त्या ळ चं काय ठरलं?"

मी म्हटलं, "नाही ठरलं."

"ती म्हने पुढं ठेवा. तुमी म्हनता मांगं ठेवा." त्यांनी खांबाचा टेकू सोडला. "मले वाटते, दोघी बी चुकून राह्यल्या. आपल्या इकडे ळ कोन म्हनते? ययिता ठेवा. कपडा आंगाच्या मापाचा पाह्यजे, तसं नाव तोंडाच्या मापाचं पाह्यजे."

"ययिता?" मी चपला काढल्या. "रफीकभाई, तुम्ही काय बोलताय! पोरं ळ म्हणायला शिकलीत आता. तिच्यामुळे शिकलीत!"

"शिकली असतीन शायेत. घरी जाऊन केयीच खातात ना?"

"म्हणून लिहायचंही तसंच?"

"मंग झपकी काय सरकारी पुस्तकातली हाये?"

माझा आवाज चढला. त्यांचाही चढला. ते हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि मी त्यांना मधेच तोडत होते, आणि आमच्या दोघांचेही डोळे भरून आले होते, पण कुणीच माघार घेत नव्हतं. आतून पडदा बाजूला करून अम्मी बाहेर आल्या. दुखवट्याच्या घरात कोण भांडतंय ते बघायला आल्या असणार. आम्ही दोघं एकदम गप्प झालो. मी मान खाली घातली.

अम्मी उंबऱ्यावर बसल्या. ओढणीनं तोंड पुसलं.

"लडो, लडो," त्या म्हणाल्या. "घर भौत दिन से चुप है."